पिवळ्या पट्टीवरचं नाव

जयमालाला तिच्या धंद्यातले लोक पाठीमागे ‘कागदवाली’ म्हणत, आणि ते काही कौतुकाने म्हणत नसत. पनवेलला तिची दोन खोल्यांची एजन्सी होती. चार फोटोग्राफर तिच्याकडे होते. त्यांना कामं आणून द्यायची, शूटची जागा, माणसं, गाड्या, जेवणखाण सगळं जमवायचं आणि काही विपरीत घडलं तर तेही निस्तरायचं, एवढा व्याप ती एकटीने ओढत होती. निस्तरण्याच्या त्या भागासाठी तिने विमा काढला होता. मोठ्या कंपन्या विम्याशिवाय एजन्सीला दारात उभं करत नाहीत, त्यामुळे तो विमा होता म्हणून एजन्सी होती. चहा देणाऱ्याचं नावसुद्धा विम्याच्या यादीत असल्याशिवाय बाई कॅमेऱ्याची पेटी उघडू द्यायची नाही.

ही खोड तिला वडिलांकडून आलेली. ते तळा गावात शाळामास्तर होते. “आपल्या माणसांचं सगळं तोंडी राहिलं, बाय, म्हणून सगळं गेलं,” ते म्हणायचे. “जमीन तोंडी, वाटा तोंडी, शब्द तोंडी. तू कागद कर.” बायने कागद केले. इतके केले की कागद आणि ती एकमेकांशिवाय कुणाला आठवेनात.

आणि अशा बाईने त्या जानेवारीतल्या सकाळी, सव्वासात वाजता, दिवेआगरच्या एका वाडीत, स्वतःच्या हाताने एका माणसाच्या मनगटावर दुसऱ्याच माणसाचं नाव बांधलं.

शूट एका खोबरेल तेलाच्या कंपनीच्या कॅलेंडरचं होतं. अफान नावाचा तिचा फोटोग्राफर, जवळच्याच श्रीवर्धनचा. त्याला एक उंच माड हवा होता, शेंड्याशी नारळ पाडणारा माणूस, मागे समुद्र आणि कोवळं ऊन. वीस सालच्या वादळाने गावातले जुने माड निम्म्याहून जास्त आडवे केले होते, नवे लावलेले अजून माणसाच्या डोक्याइतकेच होते. शोधून शोधून एक उंच माड मिळाला, आणि त्याच्यावर पंचवीस वर्षं चढणारा गुणाजीही मिळाला.

उंचावर चढणाऱ्यासाठी विमा कंपनीची अट वेगळी होती. हृदयाचा आजार नाही, चक्कर येत नाही, रोजची गोळी नाही, असं त्या माणसाने सही करून द्यायचं, मग त्याच्याच नावाने मंजुरी यायची. कामाच्या दिवशी त्याच्या मनगटावर पिवळी पट्टी बांधायची. पट्टीवर नाव, वय, रक्तगट आणि खाली ‘आजार व औषध: नाही.’ गुणाजीचं सगळं रीतसर झालं होतं. फक्त सकाळी गुणाजी आला नाही.

जयमालाने यादी वाचली. “गुणाजी?”

“हाजर,” म्हणून जो पुढे आला तो गुणाजी नव्हता. तेच नाक, तसाच रुंद खांदा, पण हा वेगळा होता.

“मी भागोजी. धाकला भाव,” तो म्हणाला. “त्याच्या लेकीचं दिवस भरलंत, राती तळ्याला गेलाय. मला म्हनला, तू जा, बाईंना शबुद दिलाय.”

“पण दादा, कागदावर त्यांचं नाव आहे.”

“काम घराचं हाय ना बाई? तो काय न् मी काय. दोघं याच माडावर शिकलो.”

जयमालाला यात काही नवल वाटलं नाही, आणि तिथेच ती फसली. किनाऱ्याच्या या गावांत काम माणसाला सांगत नाहीत, घराला सांगतात. थोरला अडला तर धाकटा येतो, धाकटा अडला तर पुतण्या येतो. कोण आला हे कुणी विचारत नाही, शब्द पाळला एवढं बघतात. ती तळ्याची, हे तिच्या रक्तातच होतं. विमा कंपनीला मात्र घर कळत नाही, तिला एकेक माणूसच कळतो. नाव बदलायचं तर अल्पेशला, म्हणजे तिच्या विमा एजंटला फोन करायचा, त्याने ऑफिस उघडल्यावर नवा अर्ज धाडायचा, मंजुरी यायला दुपार. आणि तो उजेड आठला संपणार होता.

“ताई, चला ना,” मागून अफान कळवळून म्हणाला. “सूर्य काय माझा मामा लागतो, थांबायला?”

तिने भागोजीकडे पाहिलं. तो हसत होता, हात पुढे करून उभा होता. दोन भावांत काय एवढा फरक असणार, असं तिच्या मनात आलं. तिने पट्टी बांधली. गुणाजी, वय अठ्ठेचाळीस, बी पॉझिटिव्ह, आजार व औषध नाही.

भागोजीने सदरा काढून सोबत आलेल्या बायकोकडे दिला, दोरीचा फास पायात अडकवला आणि बोलता बोलता शेंड्याला पोचला. सुरक्षेचा पट्टा त्याच्या कमरेला होता, तो जयमालाने दोनदा ओढून पाहिला होता. तीस-चाळीस फोटो झाले. अफान खालून ओरडला, “दादा, जरा डावीकडे!” डावीकडे वळायला पट्टा आडवा येत होता. भागोजीने तो सैल केला आणि झावळीला हात घातला. झावळी वाळलेली होती.

पट्ट्याने त्याला निम्म्यावर एकदा धरलं, मग सोडलं. तो पाण्याच्या पाटाच्या काठावर पडला, आणि मांडीचं हाड मोडल्याचा आवाज जयमालाने दहा पावलांवरून ऐकला.

सामानाची व्हॅन रिकामी करून त्यात त्याला आडवा घातला. म्हसळ्याच्या दवाखान्यात फळ्या बांधल्या, दुखणं मारायची सुई दिली आणि माणगावला न्यायला सांगितलं. तिथल्या नर्सने विचारलं, “नाव काय?”

जयमालाने तोंड उघडलं. तेवढ्यात भागोजीच बोलला, “गुणाजी.” आणि मनगट वर करून पट्टी दाखवली.

“दादा...” ती म्हणाली.

“ऱ्हाऊ द्या बाई,” तो दात आवळून हळूच म्हणाला. “शबुद घराचा हाय. तुमच्या नावाला बट्टा नको.”

तिने तोंड मिटलं. खोटं बोलायला तिला काहीच करावं लागलं नाही, गप्प बसणं पुरलं.

माणगावच्या खासगी हॉस्पिटलात डॉक्टर मनाली नावाच्या तरुण सर्जन होत्या, मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी पाय तपासला आणि त्यांची भुवई वर गेली. “हाडाच्या टोकाने रक्तवाहिनी दाबली गेलीय. पाऊल गार पडत चाललंय. दोन तासांत ऑपरेशन झालं नाही तर पाय जाईल. पनवेलला पाठवायला वेळ नाही. कमरेत सुई देऊन भूल देते आणि ऑपरेशनला घेते. आजार? औषधं?”

“काय न्हाय,” भागोजी म्हणाला. डॉक्टरांनी पट्टी वाचली, मान हलवली.

विम्याची मंजुरी आली की अनामत भरावी लागणार नाही, असं काउंटरवर सांगितलं. जयमालाने जिन्याखाली उभं राहून अल्पेशला फोन लावला आणि सगळं खरं सांगितलं. सकाळपासून पहिल्यांदा तिने कुणाला तरी खरं सांगितलं होतं.

अल्पेशने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाला, “जयमालाबेन, हे तुम्ही मला सांगितलंच नाही, समजलात? पट्टीवर गुणाजी, यादीत गुणाजी, हॉस्पिटलमध्ये गुणाजी. बस, फिट आहे. दोन भाऊ, कोण बघायला बसलंय? माणूस बरा होईल, एजन्सी पण वाचेल. खोटं नाव दिलं म्हणून कळलं तर क्लेम तर जाईलच, पॉलिसी पण कॅन्सल. मग तुम्हाला दुसरी कुठली कंपनी उभी करणार नाही. चार फोटोग्राफर काय करतील, बोला ना?”

तो वाईट माणूस नव्हता. तो तिचंच भलं बघत होता आणि त्याच्या बोलण्यात एक शब्दही चुकीचा नव्हता, म्हणून तर तिला तो नकोसा झाला.

तेवढ्यात अफान आपल्या गाडीतून भागोजीच्या बायकोला घेऊन आला. जनी तिचं नाव. हातात नवऱ्याचा घडी केलेला सदरा घट्ट धरलेला. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, “पेशंटचं नाव सांगा मावशी.” जनीने मान खाली घातली. त्या मुलीने पुन्हा विचारलं. जनीने पदर ओठांशी नेला आणि स्ट्रेचरवरच्या पट्टीकडे बोट दाखवलं. या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, काउंटरवरच्या मुलीलाही ते माहीत होतं. तिने पट्टीवरून नाव उतरवून घेतलं. भागोजीने बायकोला खाली वाकवून कानात काहीतरी सांगितलं, आणि मग त्याला वर नेलं.

बाराला दहा कमी असताना अल्पेशचा मेसेज आला. मंजुरी आली. ऑपरेशनचा सगळा खर्च. खाली त्याने हात जोडल्याचं चित्र टाकलं होतं.

जयमाला ऑपरेशनच्या मजल्यावर बाकावर बसली. सुटलो, असं तिला वाटलं, आणि तसं वाटल्याची लाजही वाटली. शेजारी जनी बसली होती. बऱ्याच वेळाने जनीने सदऱ्याच्या खिशातून काहीतरी काढून तिच्यापुढे धरलं.

“बाई, ही गोळी त्यांना जेवल्यावर द्यायला सांगा हां. रोजची हाय. काल घेतली, आज ऱ्हायली तर पुन्यांदा दुखंल.”

“काय दुखेल?”

“छाती. मागल्या दिवाळीला इस्प्रिंग बसवली ना पनवेलला. डाक्टर म्हनलं, ही गोळी एक दिस चुकवायची न्हाय.”

जयमालाने पाकीट उलटं केलं. नाव वाचायची गरजच नव्हती. तिच्या वडिलांच्या उशाशी हेच पाकीट असायचं. रक्त पातळ राहायची गोळी. दाढ काढायला गेले तेव्हा दंतवैद्याने हात लावला नव्हता. आधी गोळी बंद करा, नाहीतर रक्त थांबणार नाही, असं बजावून घरी पाठवलं होतं. साध्या दाढेला ही तऱ्हा. आणि इथे आत कमरेत सुई देणार होते, मांडी उघडणार होते, कारण पट्टीवर ‘औषध: नाही’ लिहिलं होतं. आणि ती पट्टी तिने बांधली होती.

एक क्षण, खरंच एकच क्षण, तिच्या मनात आलं की डॉक्टर तपासतीलच ना. त्यांचं त्यांना कळेलच. मग तिला स्वतःचीच किळस आली.

ती उठली ती धावतच सुटली. ऑपरेशन थिएटरच्या दारातली नर्स म्हणाली, “आत जाता येणार नाही, भूल द्यायला घेतलंय.”

“थांबवा!” जयमाला ओरडली. आयुष्यात ती कधी अशी ओरडली नव्हती. “सुई देऊ नका! तो गुणाजी नाही!”

तोंडावरचा मास्क खाली ओढत डॉक्टर मनाली बाहेर आल्या. जयमालाने पाकीट त्यांच्या हातात कोंबलं आणि एका दमात सगळं सांगितलं: माणूस दुसरा, नाव दुसऱ्याचं, हृदयात बसवलेली स्प्रिंग, कालची गोळी. डॉक्टरांनी पाकीट बघितलं, मग तिच्याकडे बघितलं.

“पेशंट शुद्धीवर आहे. तो म्हणतो मी गुणाजी, कुठलीही गोळी नाही. त्याचा भाऊ ही गोळी घेत असेल, पाकीट भावाचं असेल. दोन तासांतली चाळीस मिनिटं उरलीत. गोळी चालू असेल तर कमरेतली भूल जिवावर बेतेल, आणि नसेल तर पूर्ण भूल, रक्ताची सोय यात वेळ घालवून मी त्याचा पाय घालवीन. मी कुणाचं ऐकू? घरचं कोण आहे?”

सगळे जनीकडे वळले. जनी बाकाजवळ उभी होती, सदरा छातीशी धरून.

“मावशी, आत आहेत ते कोण आहेत? नाव सांगा,” डॉक्टर म्हणाल्या.

जनीने मान फिरवली. तिची नजर भिंतीवर खिळली होती. आता भागोजीने तिच्या कानात काय सांगितलं होतं ते जयमालाला कळलं.

“वहिनी, त्यांनी तुम्हाला गुणाजी सांगा म्हणून सांगितलंय ना?”

जनीच्या डोळ्यांतून पाणी आलं. “ते म्हनलं, खरं सांगितलं तर बाई बुडतील. त्यांचं घर त्याच्यावर हाय.”

मांडी मोडलेला माणूस जयमालाच्या एजन्सीची काळजी वाहत आत पडला होता, आणि ती बाकावर बसून सुटलो म्हणत होती. ती जनीच्या अगदी समोर जाऊन उभी राहिली.

“बुडू दे माझं. वहिनी, ऐका. खरं सांगितलंत तर विमा एक पैसा देणार नाही. मी काय काय भरू शकेन ते मला आत्ता सांगता येत नाही, खोटं कशाला बोलू? पण खोटं नाव राहिलं तर ते आतून परत यायचे नाहीत. तुम्ही बोला.”

जनीने डोक्यावरचा पदर पुढे ओढला, दोन्ही हातांनी सदरा चुरगाळला आणि कुणाकडेही न बघता म्हणाली,

“भागोजी.”

मग जणू कुणी अडवेल म्हणून भराभरा, “भागोजी. माजा नवरा. गोळी त्याचीच हाय.”

डॉक्टर वळल्याच. दार लोटता लोटता त्यांच्या सूचना ऐकू आल्या: कमरेतली भूल रद्द, पूर्ण भूल, ईसीजी काढा, रक्तपेढीला फोन लावा. नर्सने कात्री आणली आणि आत गेली. दार बंद होण्याआधी जयमालाने पाहिलं, तिने भागोजीच्या मनगटावरची पिवळी पट्टी कापून ट्रेमध्ये टाकली.

हॉस्पिटलने खरं नाव विमा कंपनीला कळवलं, मंजुरी गेली आणि काउंटरवर अनामतीचा कागद पुढे आला. जयमालाने सही केली. शेजारी अफान येऊन उभा राहिला. “ताई, सकाळी मी घाई केली,” तो म्हणाला. तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला. घाई त्याने केली होती, पट्टी तिने बांधली होती.

ऑपरेशन चार तास चाललं. दोनदा रक्त आणायला गाडी धावली. पावणेपाचला डॉक्टर बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा दमलेला होता. “पाय आहे, माणूसही आहे,” त्या म्हणाल्या. “सुई दिली असती तर मी तुम्हाला हे सांगू शकले नसते.” जनी खाली फरशीवरच बसली आणि पदरात तोंड घालून रडली. मग डोळे पुसून जयमालाला म्हणाली, “लग्नात घेतलं व्हतं नाव. बावीस वर्सं झाली. त्याच्यानंतर आज.” आणि रडता रडता तिला हसूही आलं.

साडेपाचला अल्पेशचा फोन आला. विमा कंपनीने खुलाशाचा अर्ज धाडला होता. “बेन, त्यात सातवा रकाना आहे, तो नीट बघा,” तो म्हणाला. “यादीबाहेरचा माणूस काम करतोय हे एजन्सीला आधी माहीत होतं का, होय की नाही. नाही लिहिलं तर काय होतं, त्या माणसाने तुम्हाला फसवलं. दुसऱ्याचं नाव लावून आला, तुम्हाला पत्ता नाही. पॉलिसी राहील, एजन्सी राहील. होय लिहिलं तर...” तो थांबला. “मी काही लिहा म्हणत नाही हां. फोनवर तर अजिबातच म्हणत नाही.”

“आणि भागोजीचं काय होईल, नाही लिहिलं तर?”

“त्याच्यावर कंपनी केस करेल कदाचित. कदाचित करणार पण नाही. गरीब माणूस आहे, त्याच्याकडून काय मिळणार?”

जयमालाने फोन ठेवला. काचेपलीकडे भागोजी अजून गुंगीत होता. नर्स नवी पट्टी घेऊन आली, पांढरी, आणि नाव विचारायला तिने तोंड उघडायच्या आत जनी म्हणाली, “भागोजी.” या खेपेला तिने पदरही ओढला नाही.

बाकावर बसून जयमालाने मोबाइलवर अर्ज उघडला. सहा रकाने भरले: तारीख, जागा, वेळ, झाडाची उंची. सातव्याशी बोट थांबलं. चार फोटोग्राफर होते, पनवेलच्या दोन खोल्या होत्या, एजन्सीची अकरा वर्षं होती. आणि तळा गावचे तिचे वडील होते, ज्यांनी तिला कागद करायला शिकवलं. कागदावर काय लिहायचं हे सांगायची त्यांना कधी गरज वाटली नव्हती.

तिने ‘होय’वर बोट ठेवलं. खाली शेऱ्यासाठी दोन ओळी जागा होती. तिथे तिने लिहिलं, ‘भागोजीने मला स्वतःचं खरं नाव सांगितलं होतं. दुसऱ्याच्या नावाची पट्टी मी माझ्या हाताने बांधली.’

एकदा वाचून पाहिलं, शुद्धलेखन तपासलं आणि पाठवून दिलं.